पडद्यावरचे मैदान

सन २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत चीनमधील हांगझोऊ या नगरीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या होत्या. बीड जिल्ह्यातील मांडवा या लहानशा गावचा, शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला अविनाश साबळे हा जवान तेथे तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत उतरला. अठ्ठावीस वेळा अडथळे ओलांडून आणि सात वेळा पाण्यावरून झेप घेऊन त्याने ८ मिनिटे १९.५० सेकंदांत अंतिम रेषा गाठली आणि सुवर्णपदक मिळविले. त्याच स्पर्धेत, त्याच नगरीत, किम ग्वान-वू नावाच्या दक्षिण कोरियाच्या चव्वेचाळीस वर्षांच्या गृहस्थानेही सुवर्णपदक मिळविले. तो मात्र धावला नाही, पोहला नाही, की त्याने कोणाशी कुस्तीही केली नाही. तो एका खुर्चीवर बसला, समोरच्या पडद्यावर त्याने दृष्टी खिळविली आणि हाताखालच्या कळा दाबून पडद्यावरील एका चित्ररूपी मल्लाकडून दुसऱ्या मल्लाचा पराभव करविला. दोघांच्या गळ्यांत पडलेली पदके एकाच धातूची होती. दोघांसाठीही आपापल्या देशाचा ध्वज तेवढ्याच मानाने वर चढला.

या दोन पदकांचे मोल एकच मानावे काय? पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या चढाओढीला खरा खेळ म्हणावे काय? आज घरोघर हा प्रश्न निराळ्या रूपाने विचारला जात आहे. संध्याकाळी मोबाइलमध्ये मान घालून बसलेल्या नातवाला आजोबा म्हणतात, “अरे, जरा बाहेर जाऊन खेळ.” नातू मान वर न करता उत्तरतो, “आजोबा, मी खेळतोच आहे.” दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात, परंतु ‘खेळ’ हा एकच शब्द दोघे दोन अर्थांनी वापरीत असतात. शब्दाचा अर्थ निश्चित झाल्यावाचून वाद मिटत नाही, ही गोष्ट न्यायालयात जितकी खरी, तितकीच ओसरीवरही खरी आहे.

हा केवळ शब्दांचा खल आहे, असेही कोणी समजू नये. एखाद्या गोष्टीस एकदा ‘क्रीडाप्रकार’ असे नाव मिळाले, म्हणजे त्या नावामागून पुष्कळ गोष्टी चालत येतात. सरकारी अनुदान येते, प्रशिक्षक येतात, शिष्यवृत्ती येते. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. शासकीय सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखून ठेविलेल्या असतात. दक्षिण कोरियात तर आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या तरुणास सक्तीच्या दीर्घ लष्करी सेवेतून सूट मिळते. आणि हांगझोऊ येथे ‘लीग ऑफ लेजंड्स’ या पडद्यावरील खेळात विजयी झालेल्या कोरियन संघालाही ती मिळाली. म्हणून या प्रश्नाचा निर्णय आवडीनिवडीवर सोडून चालणार नाही. तो विचारपूर्वकच करावयास हवा.

प्रथम या खेळाचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. संगणकावरील खेळांच्या स्पर्धा ही काही कालपरवाची गोष्ट नव्हे. १९७२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘स्पेसवॉर’ या खेळाची स्पर्धा झाली होती. तीत विजेत्याला बक्षीस काय, तर एका मासिकाची वर्षभराची वर्गणी! त्यानंतर पन्नास वर्षेही लोटली नाहीत तोच, २०२१ साली ‘डोटा’ या खेळाच्या एका स्पर्धेतील बक्षिसांची रक्कम चार कोटी डॉलरांवर गेली. अशा स्पर्धांना ‘ई-स्पोर्ट्स’ हे नाव रूढ झाले आहे. त्यांत पाच-पाच खेळाडूंचे संघ असतात, प्रत्येकाचे काम ठरलेले असते, पंच असतात, प्रशिक्षक असतात आणि प्रतिपक्षाच्या जुन्या डावांचा अभ्यास करणारे जाणकारही असतात. नामांकित संघांतील खेळाडू दिवसाचे कित्येक तास सराव करतात. तेव्हा घरी बसल्या बसल्या वेळ घालविण्यासाठी कोणी मोबाइलवर चार डाव खेळतो, त्याला उद्देशून ई-स्पोर्ट्सचा निर्णय करणे हे गल्लीत चेंडूफळी खेळणाऱ्या पोरांना पाहून रणजी करंडकाची परीक्षा करण्यासारखे आहे.

या खेळाविरुद्ध पहिला आक्षेप असा घेण्यात येतो, की यात शरीराला श्रम नाहीत. आणि ज्यात घाम गळत नाही, तो खेळ कसला? हा आक्षेप प्रथमदर्शनी बिनतोड वाटतो. परंतु तो फार दूरवर जाऊन पोचतो. हाच निकष लावला, तर बुद्धिबळाचे काय करावयाचे? भारत सरकारने १९६१ साली अर्जुन पुरस्कार देण्यास आरंभ केला, तेव्हा पहिल्याच वर्षी मॅन्युएल एरन या बुद्धिबळपटूचा त्यात समावेश होता. राजीव गांधी खेलरत्न हा सर्वोच्च पुरस्कार सुरू झाला, त्याचा पहिला मानकरी विश्वनाथन आनंद हाही बुद्धिबळाचाच खेळाडू. हांगझोऊ येथे भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही बुद्धिबळ संघांनी रौप्यपदके मिळविली. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा ‘ही मुलगी धावली कोठे?’ असे कोणी विचारले नाही. साऱ्या महाराष्ट्राने तिला खेळाडू म्हणूनच गौरविले, आणि ते योग्यच झाले.

नेमबाजीचे उदाहरण याहूनही बोलके आहे. १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून नेमबाजीला तेथे स्थान आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने २०२४ साली पॅरिस येथे पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्याच्या कौशल्याचे मर्म शरीर हालविण्यात नव्हते; शरीर न हालू देण्यात होते. श्वास आवरून, मनातील खळबळ दाबून, एका क्षणी एक बोट किंचित दाबावयाचे, आणि तेही बिनचूक! इतकेच काय, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन या साठ वर्षांच्या गृहस्थांनी आपले जोडीदार शिबनाथ सरकार यांच्यासह ब्रिज या पत्त्यांच्या खेळात भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. अर्थात घाम हीच खेळाची एकमेव खूण आहे असे मानले, तर आजवर ज्यांना मान दिला अशा अनेक खेळाडूंना मैदानाबाहेर उभे करावे लागेल.

या बाबतीत मराठी भाषेचे शहाणपण लक्षात घेण्यासारखे आहे. इंग्रजी भाषेतील एका शब्दावर पंडित वर्षानुवर्षे वाद घालीत बसले आहेत. परंतु मराठी माणसाच्या आजीला हा भेद फार पूर्वीपासून ठाऊक होता. मराठीत ‘मैदानी खेळ’ आहेत, ‘मर्दानी खेळ’ आहेत, आणि ‘बैठे खेळ’ही आहेत. हुतूतू, खो-खो, आट्यापाट्या हे पहिल्या वर्गातले. लाठी, दांडपट्टा हे दुसऱ्या वर्गातले. सारीपाट, बुद्धिबळ, सागरगोटे हे तिसऱ्या वर्गातले. बैठ्या खेळाला कोणी खेळांच्या पंगतीतून उठविले नाही. पण त्याला तालमीत नेऊन बसविले असेही कोणी केले नाही. ज्याचे त्याचे पान ज्याच्या त्याच्या जागी मांडलेले होते. सारा घोटाळा होतो तो ‘खेळ’ आणि ‘व्यायाम’ या दोन शब्दांची गल्लत केल्यामुळे. प्रत्येक खेळ हा व्यायाम असतोच असे नाही, आणि प्रत्येक व्यायाम हा खेळ असतो असेही नाही. दळण दळणाऱ्या बाईला भरपूर व्यायाम घडे. पण ती खेळत आहे असे कोणी म्हटले असते काय?

मग खेळ कशास म्हणावे? ज्यात सर्वांना सारखे नियम आहेत. ज्यात सरावाने कौशल्य वाढते. ज्यात दोन पक्षांची चढाओढ होऊन त्याच कौशल्याच्या बळावर निर्णय लागतो. आणि ज्यात हरणारा जिंकणाऱ्याचे श्रेष्ठत्व मान्य करून पुन्हा खेळावयास सिद्ध होतो, तो खेळ. या कसोटीवर ई-स्पोर्ट्स उतरतात हे निःपक्षपाती मनुष्याने मान्यच केले पाहिजे. काही वेगवान खेळांत निष्णात खेळाडूच्या हातून मिनिटाला तीनशेहून अधिक आज्ञा दिल्या जातात, आणि त्यांतील प्रत्येक आज्ञेमागे निर्णय असतो. डोळा, बोट आणि बुद्धी यांचा मेळ निमिषार्ध चुकला, तर डाव हातचा जातो. सहकाऱ्यावर विश्वास टाकणे, पराभवाच्या छायेत डोके शांत ठेवणे, दुसऱ्याचा डाव आधीच ओळखणे, हे गुण खो-खोच्या मैदानावर लागतात तसेच येथेही लागतात. २०१८ साली जाकार्ता येथे हा खेळ केवळ प्रदर्शनीय म्हणून खेळविण्यात आला, तेव्हा कच्छमधील भुजच्या तीर्थ मेहता या तरुणाने ‘हार्थस्टोन’ या पत्त्यांच्या धर्तीच्या खेळात कांस्यपदक मिळविले. ते पदक देशाच्या पदकसंख्येत धरले गेले नाही; परंतु त्यासाठी लागलेली बुद्धी मात्र खरीच होती.

येथवर पाहिले असता निर्णय ई-स्पोर्ट्सच्या बाजूने लागावा असे वाटते. परंतु नाण्याची दुसरी बाजू पाहिल्यावाचून दिलेला निर्णय हा निर्णयच नव्हे. घामाचा आक्षेप दुबळा ठरला, म्हणून सर्वच आक्षेप दुबळे ठरतात असे नाही.

दुसरा आक्षेप आरोग्याचा आहे. चीनमध्ये ‘उझी’ या नावाने विख्यात असलेला एक खेळाडू होता. लाखो तरुण त्याचा खेळ पाहण्यासाठी जीव टाकीत. २०२० साली, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, त्याने निवृत्ती पत्करली. मधुमेह जडला होता, हात दुखावला होता. बैठे जीवन, जागरणे व मनावरील ताण यांनी शरीर पोखरले होते. यावर कोणी म्हणेल, दुखापती कोणत्या खेळात होत नाहीत? वेगवान गोलंदाजाची पाठ जाते, मल्लाचा गुडघा जातो. हे खरे आहे. परंतु दोहोंत एक भेद आहे. तालमीतला मुलगा दमला, म्हणजे त्याचे शरीरच त्याला थांबविते. मैदानावर सूर्य मावळतो, चेंडू दिसेनासा होतो आणि पोरे घरी परततात. पडद्यावर सूर्य कधी मावळत नाही. तेथे खेळणारा थकतो, पण खेळ थकत नाही. आणि थकलेल्या मुलाला ‘आणखी एक डाव’ म्हणून बोलावणारे चित्र पहाटे दोन वाजताही तितकेच टवटवीत असते.

एवढ्यावरच हे थांबत नाही. खो-खो खेळणाऱ्या मुलाने आणखी दोन तास खेळावे यात कोणाचाही पैशाचा लाभ नसतो. पडद्यावरील बहुतेक खेळ मात्र व्यापारी मंडळींनी तयार केलेले असतात, आणि मुलाने पडद्यासमोरून उठू नये यातच त्यांचा लाभ असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या रोगांच्या नव्या वर्गीकरणात अशा खेळांच्या अनावर व्यसनाचा समावेश केला आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व कामांहून खेळ मोठा वाटू लागणे, आणि नुकसान दिसत असूनही तो न सुटणे, ही त्याची लक्षणे होत. खेळणारा प्रत्येक मुलगा रोगी असतो असा याचा अर्थ मुळीच नाही. पण धोका काल्पनिक नाही, एवढे यावरून सिद्ध होते. ज्या चीनमध्ये या खेळाला सुवर्णपदके दिली गेली, त्याच चीनने २०२१ साली अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार व सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ खेळण्यास मुभा ठेविली. दक्षिण कोरियाने २०११ पासून सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीनंतर खेळण्यास मनाई केली होती. तो कायदा २०२१ मध्ये रद्द करण्याचे ठरले आणि वेळेची मर्यादा घालण्याचे काम आईबापांवर सोपविण्यात आले. ज्यांनी हा खेळ सर्वांत अधिक जवळून पाहिला, त्यांनाच त्याला कुंपण घालण्याची गरज वाटली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

तिसरा आक्षेप या सर्वांहून सूक्ष्म आहे, आणि खरे पाहता तोच सर्वांत बळकट आहे. कबड्डी कोणाच्या मालकीची आहे? कोणाच्याच नाही, किंबहुना सर्वांच्याच. हुतूतूचे नियम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातील व बडोद्यातील जाणत्या लोकांनी बसून ठरविले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तरुणांनी बर्लिनमध्ये देशी खेळ दाखविले. १९९० पासून आशियाई स्पर्धेत कबड्डीला स्थान मिळाले. आणि हांगझोऊ येथे भारताच्या पुरुषांनी व महिलांनी, दोघांनीही, तीत सुवर्णपदके जिंकली. एवढ्या प्रवासात कोणत्याही व्यापाऱ्याची अनुज्ञा घ्यावी लागली नाही. एकोणिसाव्या शतकात पुण्यातील इंग्रज अधिकारी बॅडमिंटन खेळत, तेव्हा त्या खेळाला ‘पूना’ असेही म्हणत. परंतु म्हणून तो खेळ पुण्याच्या मालकीचा झाला नाही. बुद्धिबळाचा पट आणि सोंगट्या कोणीही सुताराकडून करून घ्याव्यात आणि खेळावे.

पडद्यावरील खेळांचे तसे नाही. त्यांतील प्रत्येक खेळाला मालक आहे. नियम तोच ठरवितो, तोच बदलतो, आणि त्याच्या मनात आले तर तो खेळच बंद करतो. शिवाय असा खेळ व्यापाराच्या व राज्यकारभाराच्या घडामोडींत सापडतो, तो वेगळाच. याचा अनुभव भारतातील मुलांनी घेतला आहे. ‘पबजी’ या खेळाच्या मोबाइलवरील आवृत्तीवर सप्टेंबर २०२० मध्ये भारत सरकारने बंदी घातली. पुढे २०२१ साली त्याच धर्तीचा खेळ निराळ्या नावाने भारतात आला. जुलै २०२२ मध्ये तोही अडविण्यात आला. आणि मे २०२३ मध्ये त्याला पुन्हा वाट मिळाली. या बंदीमागील कारणे देशाच्या सुरक्षेशी निगडित होती व त्यांचा येथे विचार कर्तव्य नाही. परंतु ज्या तरुणांनी या एकाच खेळात वर्षे घातली होती, त्यांचे मैदान एका रात्रीत नाहीसे झाले, ही गोष्ट उरतेच. नदीला पूर आला म्हणून कुस्तीचा आखाडा वाहून जाईल. पण कुस्ती वाहून जात नाही. पाणी ओसरल्यावर गाव नवी माती टाकते. ज्याचे मैदानच दुसऱ्याच्या मुठीत आहे, त्या खेळाडूने पाय कोठे रोवावा?

चौथा आक्षेप हिंसेचा आणि जुगाराचा आहे. यांपैकी हिंसेचा आक्षेप तोलून पाहिला पाहिजे. भालाफेक, तलवारबाजी, धनुर्विद्या हे सारे खेळ युद्धातूनच जन्माला आले. परंतु माणसाने त्यांतील रक्त काढून टाकले आणि कौशल्य तेवढे ठेविले, म्हणून ते खेळ झाले. हांगझोऊ येथेही हाच मार्ग अनुसरण्यात आला. तेथे ‘पबजी’ हा खेळ जसाच्या तसा खेळविला नाही. खेळाडूंनी एकमेकांवर गोळ्या झाडण्याऐवजी ठरविलेल्या लक्ष्यांवर नेम धरावा, असा पालट त्यात करण्यात आला. इच्छा असेल तर रक्ताविना खेळ रचता येतो, हे यावरून दिसून आले. जुगाराच्या बाबतीत मात्र कोणतीच सवलत देता कामा नये. सारीपाटाने पांडवांचे राज्य गेले असे म्हणतात. वस्तुतः ते सारीपाटाने गेले नाही, पणाला लावण्याच्या बुद्धीने गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या संसदेने केलेल्या कायद्यात नेमका हाच विवेक दिसतो. त्या कायद्याने ई-स्पोर्ट्सना स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता दिली आणि पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. तत्पूर्वी डिसेंबर २०२२ मध्येच विविध क्रीडास्पर्धांत समाविष्ट होणाऱ्या ई-स्पोर्ट्सची जबाबदारी केंद्राच्या क्रीडा खात्याकडे सोपविण्यात आली होती. राज्याने आपला कौल दिला आहे. जगाचा कौल मात्र अद्याप स्थिर झालेला नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२४ साली सौदी अरेबियाच्या सहकार्याने अशा खेळांचे निराळे ऑलिंपिक भरविण्याचे ठरविले. परंतु २०२५ च्या ऑक्टोबरात ते सहकार्य संपुष्टात आले.

आता शाळेकडे वळावे. कारण या प्रश्नाची खरी कसोटी हांगझोऊच्या भव्य क्रीडागृहात नसून शाळेच्या मैदानावर आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींना दररोज सरासरी एक तास चांगल्या श्रमाची हालचाल घडली पाहिजे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शहरांत आज मैदाने आक्रसत आहेत. दोन इमारतींमधील जागेत गाड्या उभ्या राहतात आणि जिन्यात चेंडू आपटला तर शेजारी रागावतात. अशा वेळी ‘पडद्यावरचा खेळही खेळच आहे’ हे वाक्य एखाद्या आळशी व्यवस्थापकाच्या हाती लागले, तर तो मैदान मोडून तेथे संगणकांची खोली बांधील आणि खेळाचा तासही पार पडला असे दप्तरी लिहून मोकळा होईल! हा धोका ओळखूनच मान्यतेला मर्यादा घातली पाहिजे. बुद्धिबळ शिकविले म्हणून कोणत्याही शहाण्या शिक्षकाने कवायतीचा तास रद्द केला नाही. तोच न्याय येथेही लागू करावा.

आणखी एक गोष्ट आहे. खो-खोला दोन खांब आणि मोकळी जमीन पुरते; कबड्डीला तर साधा चेंडूही लागत नाही. गावातला अतिगरीब मुलगासुद्धा या खेळांत राजा होऊ शकतो. खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला, तो अशाच मातीत वाढलेल्या खेळाडूंच्या बळावर. पडद्यावरील खेळाला किमती यंत्र लागते, वेगवान जोडणी लागते, आणि ती सर्वांच्या घरी नसते. परंतु येथे न्यायबुद्धीने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या मुलाचे पाय चालत नाहीत, जो खिडकीशी बसून इतरांची धावपळ नुसती पाहत राहतो, त्याला या पडद्याने प्रथमच बरोबरीच्या नात्याने खेळावयास बोलाविले आहे. हातांची शक्ती कमी असलेल्यांसाठी निराळ्या धर्तीच्या कळपट्ट्याही आता निघाल्या आहेत. त्या मुलाला ‘हा खरा खेळ नव्हे’ असे सांगणे निर्दयपणाचे होईल. ज्याला मैदान नाकारले गेले, त्याच्यासाठी पडदा हेच मैदान आहे.

तेव्हा या वादाचा निर्णय काय? ई-स्पोर्ट्स हा खेळ आहे, हे मान्य करावे. मात्र तो बैठा खेळ आहे, हे विसरू नये. बुद्धिबळाच्या शेजारी त्याला आसन द्यावे; आट्यापाट्यांची जागा त्याला देऊ नये. त्यात प्रावीण्य मिळविणाऱ्या तरुणाचा गौरव करावा. पण शाळेतील मैदानाच्या तासाचा तो पर्याय म्हणून कधीही स्वीकारू नये. ज्या खेळाचे नियम खेळाडूंच्या स्वतंत्र संस्थेच्या हाती आहेत, ज्यात रक्तपाताचा हव्यास नाही आणि पणाला पैसा नाही, त्यालाच पदके व सवलती द्याव्यात. ज्याचा मालक वाटेल तेव्हा नियम फिरवितो, त्याला बाजारातली करमणूक म्हणावे. तीही वाईट नाही, परंतु तिला राष्ट्राच्या गौरवाचे वस्त्र पांघरू नये. ही अट जाचक नाही. कबड्डीनेही नियम बांधून घेतले, तेव्हाच ती गावच्या जत्रेतून आशियाच्या मैदानावर गेली.

आणि पडद्यापुढे बसलेल्या त्या नातवाने? त्याने स्वतःला दोनच प्रश्न विचारावेत. ‘काल मी जेथे चुकलो, ते आज सुधारले काय?’ हा पहिला. ‘मला हवे तेव्हा मी थांबू शकतो काय?’ हा दुसरा. दोहोंचेही उत्तर होकारार्थी असेल, तर तो खेळाडू आहे. मग पडदा असो की पटांगण. दोहोंचे उत्तर नकारार्थी असेल, तर तो खेळत नाही. कोणीतरी त्याला खेळवीत आहे. ज्या खेळाडूला डाव मध्येच टाकून, आजोबांचा हात धरून, संध्याकाळच्या उजेडात घराबाहेर पडता येते, तो खेळाचा धनी होय. ज्याला ते जमत नाही, त्याच्या गळ्यात कितीही पदके पडली, तरी तो खेळाचा गुलामच होय.

अविनाश साबळेचे पदक आणि किम ग्वान-वूचे पदक यांची तुलना करीत बसण्याचे मग कारण उरत नाही. एकाने पायांना शिकविले, दुसऱ्याने बोटांना. दोघांनीही मनाला शिकविले. मात्र वाढत्या वयाच्या मुलाला बोटे जशी आहेत, तसे पायही आहेत. आणि पायांना त्यांच्या वाट्याची माती रोज मिळाली पाहिजे.